सिमेंटचा ओटा घोटण्याआधी

घर बांधायला काढले, की पाया, छप्पर, चौकट यांची चर्चा पुरुषमंडळी पारावर बसूनसुद्धा करतात. ओट्याची चर्चा कोणी करत नाही. आणि जिला त्याच्यापाशी जन्मभर उभे राहायचे तिला तर विचारतही नाही. हल्ली शहरांत काँक्रीट घोटून आरशासारखे केलेले ओटे दिसतात. ते पाहून खेड्यातला माणूस म्हणतो, ‘सिमेंट आहे, गवंडी आहे, मग कडाप्पा विकत कशाला आणू?’ प्रश्न रास्त आहे.

उत्तरासाठी सिमेंटचा स्वभाव ओळखला पाहिजे. सिमेंट ‘वाळते’ असे आपण म्हणतो, ते बरोबर नाही. पाण्याशी संयोग होऊन ते घट्ट होते. पहिल्या ७ दिवसांत साधारण दोनतृतीयांश बळ येते, बाकीचे २८ दिवसांपर्यंत भरत राहते. तेवढ्यात ओल गेली, तर काम अर्धेच राहते. आणि या संयोगात चुना मोकळा होतो, तो आतच राहतो. चुन्याचे नि आंबटाचे वैर तुम्हांला ठाऊकच आहे. लिंबू, चिंच, कोकम, ताक यांतले काही सांडून राहिले, की चकाकी जाते आणि तिथे पांढुरका, खरबरीत डाग उमटतो.

शिक्षकांना हे वर्गात दाखवता येईल. शहाबादी, कडाप्पा आणि ग्रॅनाइट यांचे फुटके तुकडे गोळा करा, थोडे खरवडून वर लिंबाचा रस पिळा. पहिल्या दोहोंवर बारीक फेस येईल, कारण ते चुनखडीचेच दगड. ग्रॅनाइट ढिम्म राहील. म्हणजे आंबटापुढे कडाप्पाही फार शूर नाही, हे लक्षात ठेवा. सिमेंटलाच नावे ठेवू नका.

माझ्या घरी हा प्रयोग झाला, तो मात्र फसला. कार्य तोंडावर आलेले; ओल्या पोत्यांनी ओटा झाकून पाणी मारायचे काम मी अंगावर घेतले आणि तिसऱ्या दिवशी विसरलो! महिन्याभरात पुसताना फडक्याला राखाडी पूड लागू लागली. आईने कोकमाची वाटी रात्रभर ठेवली, तिचा गोल डाग ओटा फोडेपर्यंत तसाच होता. गवंड्याचा यात काडीइतका दोष नाही.

तेव्हा करायचाच असेल, तर असा करा. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग बारीक खडी. ५० किलोच्या पोत्याला पाणी २२ ते २५ लिटर, जास्त नको. कालवायला सोपे जावे म्हणून गवंडी आणखी एक बादली ओततो. ते पाणी उडून गेले, की मागे सूक्ष्म छिद्रे राहतात, त्यांतच तेल-हळद मुरते. आत सळई हवी. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन इंच जाड ओट्याचे वजन सुमारे १३५ किलो होते. आधाराच्या भिंती अर्ध्या विटेच्या तरी असाव्यात. घोटताना पाणी सोडूनच घोटावे, कोरडी धूळ छातीला घातक. नंतर सोडियम सिलिकेटचे द्रावण चोपडले, की ते मोकळ्या चुन्याशी मिळून छिद्रे बुजवते. तरी आंबट त्याला जुमानत नाही, म्हणून वर संरक्षक लेप हवा. तो झिजतो, पुन्हा द्यावा लागतो. आणि तापलेला तवा त्यावर ठेवता येत नाही.

एवढी उस्तवार झेपत नसेल, तर खुशाल ग्रॅनाइट बसवा. सिंकजवळ आणि विळी मांडायच्या जागी तेवढी ग्रॅनाइटची पट्टी, बाकी काँक्रीट, असाही मधला मार्ग आहे. मला तो पसंत आहे.

आणि हो, फळ्या ठोकण्यापूर्वी घरातल्या बाईंना तिथे उभे करा. त्यांच्या कोपरापासून चार-पाच इंच खाली भिंतीवर खूण करा, आणि गवंड्याला सांगा, ओटा या खुणेला.