खासगी दवाखाना आणि सरकारी आरोग्यसेवा : क्षयरोगाविरुद्ध एकत्र येण्याची गरज

अमरावती शहरातील राजापेठ हा गजबजलेला परिसर. दिवसभर राबलेला माणूस जुनाट खोकल्याची तक्रार घेऊन सायंकाळी प्रथम जवळच्या खासगी दवाखान्याची पायरी चढतो. तेथील डॉक्टर ओळखीचे असतात आणि काम आटोपून जाता येते. 'इर्विन' या नावाने सर्वपरिचित असलेल्या जिल्हा सामान्य रुग्णालयात जायचे, तर दिवसाची मजुरी बुडण्याची भीती असते. ही निवड चुकीची आहे असे आम्ही म्हणणार नाही. मात्र तो खोकला क्षयाचा निघाला, तर त्या रुग्णाची खबर सरकारी यंत्रणेपर्यंत पोहोचते का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. आपल्या देशात १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला, १९९७ पासून त्याचे सुधारित रूप अमलात आले आणि २०२० मध्ये त्यास 'राष्ट्रीय क्षयरोग दुरीकरण कार्यक्रम' असे नाव मिळाले. परंतु दीर्घकाळ या कार्यक्रमाचा हिशेब प्रामुख्याने सरकारी केंद्रांत येणाऱ्या रुग्णांपुरता होता. औषधविक्रीच्या आकड्यांवरून केलेल्या एका अभ्यासात असे दिसून आले, की २०१४ साली क्षयावरील जितके उपचार सरकारी क्षेत्रात झाले, त्याच्या सुमारे दुप्पट खासगी क्षेत्रात झाले. त्यांतील बहुसंख्य रुग्ण सरकारी नोंदवहीत नव्हतेच.

नोंद नसल्याने काय बिघडते, हे समजून घेणे आवश्यक आहे. साध्या क्षयाचा उपचार सर्वसाधारणपणे सहा महिने चालतो. पहिल्या काही आठवड्यांतच ताप उतरतो, भूक लागते आणि रुग्णास बरे वाटू लागते. मग पदरचे पैसे खर्चून गोळ्या का घ्याव्यात, असा विचार मनात येतो. मेळघाटातून कामासाठी शहरात आलेला मजूर होळीला गावी परततो आणि औषध तुटते. खासगी डॉक्टरांकडे त्याच्या मागे पाठविण्यास माणूस नसतो. अर्धवट उपचारामुळे जंतू औषधांना दाद देईनासे होतात, आणि तेच जंतू पुढे घरच्यांना व शेजाऱ्यांना बाधतात.

याउलट, सरकारी यंत्रणेकडे घरोघरी जाणाऱ्या आशा कार्यकर्त्या आहेत, उपचारांवर देखरेख ठेवणारे कर्मचारी आहेत, जंतूंची व औषधरोधाची मोफत तपासणी आहे आणि मोफत औषधेही आहेत. खासगी डॉक्टरांजवळ रुग्णाचा विश्वास आहे, तर शासनाजवळ पाठपुराव्याची साधने आहेत. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढणे, हेच या सहकार्याचे मर्म होय.

या दिशेने काही ठोस पावले पडली आहेत. खासगी डॉक्टरांनी प्रत्येक क्षयरुग्णाची माहिती शासनास कळवावी, असा आदेश मे २०१२ मध्ये निघाला. त्याच वर्षी 'निक्षय' ही संगणकीय नोंदप्रणाली सुरू झाली. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने ही जबाबदारी अधिक कडक केली व औषध विक्रेत्यांनाही तिच्या कक्षेत आणले. तथापि केवळ हुकूम काढून सहकार्य निर्माण होत नाही. रुग्ण हातचा जाईल, लिखापढी वाढेल, रुग्णाचे नाव चव्हाट्यावर येईल, अशा शंका डॉक्टरांच्या मनात असतात.

मुंबईत २०१४ पासून राबविलेल्या प्रकल्पाने या शंकांना उत्तर दिले. महानगरपालिका आणि खासगी डॉक्टर यांच्यामध्ये दुवा म्हणून एक मध्यस्थ संस्था उभी राहिली. रुग्ण आपल्याच डॉक्टरांकडे राहिला. तपासणी आणि औषधांचा भार मात्र प्रकल्पाने उचलला, आणि नोंदणी व पाठपुरावा प्रकल्पाच्या कार्यकर्त्यांनी केला. पुढे हीच रीत देशाच्या धोरणात आली. आता नोंदणी केल्याबद्दल, तसेच उपचाराचा निष्कर्ष कळविल्याबद्दल खासगी डॉक्टरांना मानधन देण्याची तरतूद आहे. खासगी उपचार घेणारा नोंदणीकृत रुग्णही पोषण आहाराच्या साहाय्यास पात्र आहे. एप्रिल २०१८ पासून हे साहाय्य दरमहा ५०० रुपये होते. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० रुपये झाले आहे. नोंद असल्यास गावी परतलेल्या रुग्णाचे उपचार त्याच्या तालुक्याकडे सोपविता येतात.

हा विषय आपल्या संस्थांनाही लागू आहे. गुंटूर येथे सेवा करणाऱ्या धर्मभगिनी डॉ. मेरी ग्लाउरी यांच्या पुढाकाराने १९४३ साली भारतातील कॅथलिक रुग्णालयांची संघटना स्थापन झाली. धर्मभगिनींचा लहानसा दवाखानाही खासगी दवाखान्यांतच मोडतो, आणि रुग्णाची माहिती कळविण्याचे कर्तव्य त्यालाही चुकत नाही. सेवाभाव कितीही मोठा असला, तरी एकट्या दवाखान्याला सहा महिने प्रत्येक घराचा उंबरठा गाठता येत नाही.

मग आपण काय करू शकतो? दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयाचे निदान झाल्यास, "डॉक्टरसाहेब, माझी 'निक्षय'मध्ये नोंद झाली का?" असे निःसंकोच विचारावे. घरातील सर्वांची तपासणी करून घ्यावी व सांगितल्यास प्रतिबंधक औषधे घ्यावीत. २०२२ साली सुरू झालेल्या 'निक्षय मित्र' योजनेखाली व्यक्ती वा संस्थांना रुग्णाच्या पोषणाचा भार उचलता येतो. आपल्या धर्मग्रामांनी त्याचा अवश्य विचार करावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, क्षयरुग्णाकडे पाहून कुजबुज करू नये. लोकलाजेपोटी रुग्ण आपले नाव लपवू लागला, तर डॉक्टर आणि शासन कितीही जवळ आले, तरी तो त्या दोघांच्याही हाती लागणार नाही.