रेडिओच्या पेटीचा पापुद्रा

ज्या काळी रेडिओ बाळगावयाचा तर डाकघरातून सालोसाल परवाना घ्यावा लागे, त्या काळी दिवाणखान्यात विणकामाच्या रुमालाखाली विराजमान झालेली ती लाकडी पेटी म्हणजे गृहस्थाच्या ऐपतीचा जाहीरनामाच असे. पेटीतील यंत्राची महती गाणारे पुष्कळ आहेत. परंतु तिच्या अंगावरील लाकडाचा जो तलम पापुद्रा, ज्याला आमचे मिस्त्री व्हिनियर म्हणतात, त्याची दुरुस्ती हा स्वतंत्र हुन्नर असून त्याची दखल सहसा घेतली जात नाही.

लाकडावर लाकूड चिकटविणे म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक, हा समज निखालस चुकीचा आहे. गोल वळणाचा खांदा भरीव फळीतून कोरला तर तो ऋतुमानाप्रमाणे फुगतो, आकसतो आणि अखेरीस तडकतो. उलट प्लायवूडला बाक देऊन त्यावर अक्रोडाचा पापुद्रा चढविला म्हणजे आकारही टिकतो आणि दुर्मिळ लाकडाची नक्षीही थोडक्यात मिळते. फ्रँक मर्फी आणि ई. जे. पॉवर यांनी १९२९ साली इंग्लंडात वेल्विन गार्डन सिटी येथे काढलेल्या कंपनीने आपल्या पेट्यांचे आरेखन आर. डी. रसेल या नाणावलेल्या रचनाकाराकडे सोपविले, ते उगाच नव्हे. पुढे मर्फीचे रेडिओ आमच्या ठाण्यातही तयार होऊ लागले.

पेटीचा माथा मात्र दुहेरी संकटात सापडतो. आतून व्हॉल्व्हची धग त्याला सुकवीत असते, बाहेरून कोकणपट्टीचा पावसाळा त्याला ओल पाजीत असतो, आणि त्यात भर म्हणून कोणी हौशी गृहिणी त्यावर फुलदाणी ठेवते! ओलीने सरस हळवा झाला की पापुद्रा आधी कडेला उचलतो, मग मध्ये फुगतो.

कारागीर प्रथम नखाने माथ्यावर टिचक्या मारीत जातो. जेथे नाद पोकळ, तेथे पापुद्रा सुटलेला, असे ताडून तो त्या जागेची हद्द खडूने आखून घेतो. फुगवट्यावर लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच, कधीही आडवा नव्हे, पात्याने एक बारीक छेद दिला जातो. जुन्या सरसात जीव उरला असेल तर ओलसर फडक्यावरून कोमट इस्तरी फिरविताच तो पाघळून पुन्हा धरतो. नसेल तर पातळ सुरीच्या टोकाने नवा सरस आत सारून, वर मेणकागद आणि सपाट फळी ठेवून, ती रात्रभर दाबाखाली ठेवावी लागते. कृत्रिम राळेने चिकटविलेला पापुद्रा मात्र या उष्णोपचाराला दाद देत नाही.

कोपराच उडाला असेल, तर खरी कसोटी. चौकोनी ठिगळ नवख्याला सोपे वाटते, पण रेषांना काटकोनात छेदणारा सांधा कितीही नेटका असला तरी नजरेतून सुटत नाही. म्हणून ठिगळ शंकरपाळ्याप्रमाणे तिरक्या कडांचे कापतात. रंग जुळला, रेषा जुळल्या, तरी तेच ठिगळ उलट्या तोंडाने बसविले तर दिव्याच्या उजेडात ते शेजारच्या भागाहून गडद दिसते. शिवाय आजचा पापुद्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, जुना बहुधा त्याहून जाड. त्यामुळे एकावर एक दोन थर द्यावे लागतात, किंवा मोडीत निघालेल्या एखाद्या पेटीचा पापुद्रा सोडवून वापरावा लागतो. शेवटी चपडा लाख स्पिरिटात विरघळवून, कापसाच्या पोटलीने हातामागून हात देत चकाकी आणली जाते.

या व्यवसायातील दोन गोष्टींविषयी माझे मत कठोर आहे. घासण्याचे विजेचे यंत्र अशा माथ्यावर चालविणे हा अत्याचार होय, कारण क्षणार्धात पापुद्रा झिजून खालचे प्लायवूड उघडे पडते आणि मग कोणताही इलाज चालत नाही. दुसरे, बाजारातील पांढरा गोंद झटपट धरतो खरा; पण सरस ऊब आणि ओल देऊन पुन्हा सोडविता येतो, म्हणून पुढील दुरुस्ती करणाऱ्याची वाट मोकळी राहते. जुन्या पेटीला तोच योग्य.

ज्यांच्या घरी अशी पेटी आहे त्यांना एवढीच विनंती की, पापुद्र्याची कपची निखळली तर ती केरात टाकू नये. कागदाच्या पाकिटात घालून पेटीतच जपून ठेवावी आणि मिस्त्री येईल तेव्हा त्याच्या हवाली करावी.