पायांत जीव परत येतो तेव्हा

‘कमरेत सुई घेतली की कंबर जन्माची गेली’ हे वाक्य मी भूलतज्ज्ञ म्हणून जवळजवळ रोज ऐकतो. सुईच्या जागी काही दिवस दुखरेपणा राहू शकतो. पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचं खापर या सुईवर फोडायला आधार नाही. एवढं सांगूनच मी सुरुवात करतो, कारण घाबरलेला माणूस पाठ ताठ करतो आणि ताठ पाठीत मणक्यांमधली जागा सापडत नाही.

समजा, मूळव्याधीचं छोटं ऑपरेशन आहे. रुग्णाला टेबलावर बसवायचं, पोटाशी उशी, हनुवटी छातीला, पाठ मांजरासारखी फुगवायची. दोन्ही बाजूंची कमरेची हाडं चाचपून मधली रेघ धरली की ती साधारण चौथ्या मणक्यावर येते. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू बहुधा याच्या बराच वर, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. खाली कण्यातल्या पाण्यात नुसत्या नसा तरंगत असतात, म्हणून सुई इथेच. २५ किंवा २७ गेजची, केसासारखी बारीक. आत रबरासारखा अडसर लागतो, मग बोटांना हलकीशी ‘टक्’ जाणवते. आतली तार काढून थांबायचं. थेंब यायला काही सेकंद लागतात आणि या कामातला खरा धीर तिथेच लागतो. पाण्यासारखा स्वच्छ थेंब दिसला की मिलिलिटरभर ‘हेवी’ ब्युपिव्हाकेन. त्यात डेक्स्ट्रोज असल्याने ते कण्यातल्या पाण्यापेक्षा जड असतं. रुग्णाला काही मिनिटं बसवून ठेवलं की खाली उतरून मुख्यतः बैठकीचा भाग बधिर करतं.

१८९८ साली जर्मनीतल्या कील इथे ऑगस्ट बिअर यांनी कोकेन वापरून ही भूल दिली आणि मग ती स्वतःवरही करून पाहिली. सिरिंज सुईला नीट बसेना, पाणी गळून गेलं. पुढे कित्येक दिवस त्यांचं डोकं दुखत होतं. आजच्या पेन्सिलटोकी सुयांमुळे ही गळती खूप कमी झाली आहे.

नातेवाइकांना वाटतं, ऑपरेशन संपलं म्हणजे संपलं. माझं निम्मं काम तिथून पुढे असतं. ‘पाय हलतायत, नेऊ का?’ असं विचारतात. नुसता अंगठा हलणं पुरेसं नाही. गुडघा वाकला पाहिजे, बैठकीच्या जागी स्पर्श कळला पाहिजे. मग काठावर बसवून ब्लडप्रेशर पाहायचं, चक्कर नसेल तर दोघांच्या आधाराने उभं करायचं. वेदनाशामक भूल उतरायच्या आधीच द्यायचं. नाहीतर संवेदनेबरोबर दुखणंही एकदम येतं.

सगळ्यांत जास्त लाजतात ते लघवीच्या प्रश्नाला. मूत्राशय भरलं तरी कळत नाही, ताणलं जातं. म्हणून सलाईनही बेतानंच. कमी धोक्याच्या रुग्णाला लघवी होण्याआधीही सोडता येतं, पण या ऑपरेशननंतर ती तुंबण्याची भीती जास्त. त्यामुळे मी थांबवतो, गाडी दाराशी उभी असली तरी.

घरी सोडताना सूचना मी सोबतच्या माणसाला तोंडी सांगतो. घाईत हातात कोंबलेला कागद कुणी वाचत नाही. आजचा दिवस गाडी चालवायची नाही. पुढच्या दोन-चार दिवसांत बसल्यावर डोकं ठणकलं आणि आडवं झाल्यावर थांबलं, तर अंगावर काढायचं नाही, फोन करायचा. गोळ्या, भरपूर पाणी, कॉफी यांनी बहुधा भागतं. नाहीच भागलं तर रुग्णाच्याच हातातलं थोडं रक्त काढून सुईच्या जागेजवळ, मज्जेच्या आवरणाबाहेर सोडतो. ते गोठून छिद्र बुजतं आणि पुष्कळांना लवकरच उठून बसता येतं.