शकुंतलेचं एक स्टेशन, चार फूट बाय दोन फुटांत

मंडळी, घरात रेल्वेचं मॉडेल करायचं म्हटलं की लोक आधी जागा मोजायला लागतात. आपण आज थोडं उलटं जाऊ. आधी ठरवू की कोणती रेल्वे करायची, आणि मग ती किती जागेत बसते ते बघू.

आम्ही निवडली आहे मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी शकुंतला. वऱ्हाडातला कापूस बाहेर काढण्यासाठी इंग्रजांच्या काळात टाकलेली ही अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर गेजची लाइन. गाड्या आता थांबल्या आहेत. उद्या इथं ब्रॉडगेज झाली तर चांगलंच आहे, पण मग हे अरुंद रूळ राहणार नाहीत. स्टेशनाच्या ओसरीचे खांब किती, पाण्याची टाकी कुठल्या बाजूला, हे आज बघून-विचारून कळतं. पुढे कळेलच असं नाही.

आता गणित. मॉडेलच्या जगात सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. त्याचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतो आणि तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजसाठी आहे. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. ८७ ने भागलं तर १९ मिलिमीटरच्या वर जाते. म्हणून बाजारातल्या एचओ रुळावर भारतीय इंजिन ठेवलं की धड मोठं आणि पाय जवळ-जवळ, असं दिसतं. बहुतेक जण ते चालवून घेतात. पण ७६२ ला ८७ ने भागा: ८.७६. आणि एन स्केलचा रूळ तयार मिळतो तो ९ मिलिमीटरचा! फरक पाव मिलिमीटरचा, डोळ्याला कळतसुद्धा नाही. म्हणजे शकुंतलेसाठी रूळ, सांधे आणि इंजिनाची खालची मोटार-चाकं एन स्केलची घ्यायची, आणि इमारती, माणसं, बैलगाड्या एचओच्या. इंजिन-डब्यांची वरची बॉडी मात्र प्लास्टिकच्या पातळ शीटमधून आपली आपण कापावी लागते. हे काम वेळखाऊ आहे, पण अवघड नाही.

फळी १२० बाय ६० सेंटिमीटरची पुरते. १२ मिलिमीटर प्लायवूड, खाली लाकडी चौकट. २३ सेंटिमीटर त्रिज्येचं वळण तिच्यात बसतं. खरं म्हणजे ते वळण २० मीटरचं झालं, प्रत्यक्षात इतकं आवळलेलं नसणार. मग काय करायचं? एका टोकाला बाभळी दाट लावायच्या, दुसऱ्या टोकाला जिनिंग फॅक्टरीची शेड उभी करायची. वळण त्यांच्या मागे जातं. स्टेशन फळीच्या कडेला समांतर न ठेवता जरासं तिरकं ठेवलं की फळीची चौकट डोळ्यांत येत नाही.

लांबीच्या बाबतीत मात्र मन घट्ट करावं लागतं. खरा एक किलोमीटर म्हणजे मॉडेलमध्ये साडेअकरा मीटर. तेव्हा एकच छोटं स्टेशन, एक लूप, एक मालधक्का. तीन डबे पुष्कळ झाले.

वायरिंगबद्दल एकच गोष्ट सांगतो. रुळांच्या जोडपट्ट्यांवर वीज सोपवू नका. त्या वर्षभरात सैल होतात. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर सोल्डर करा. आणि जोडाजवळ केसाएवढी फट ठेवा, कारण पावसाळ्यात प्लायवूड फुगतं.

आता वेग. हा विषय लोक सोडूनच देतात. ताशी २० किलोमीटरने जाणारी गाडी मॉडेलमध्ये सेकंदाला साधारण साडेसहा सेंटिमीटर सरकली पाहिजे. आपल्या फळीवरचा एक फेरा पाऊण मिनिटाचा. साध्या कंट्रोलरवर ती सहज सेकंदाला ३० सेंटिमीटर पळते, म्हणजे ताशी ९० च्या वर. शकुंतला आणि ९०! बसून बघणारे वऱ्हाडी आजोबा हसतील. म्हणून पैसे थोडे कमी असतील तर झाडांवर वाचवा, पण मोटार हळू चालणारी घ्या आणि चाकं-रूळ स्पिरिटने पुसत जा. हळू चालणारी गाडी धुळीच्या कणावरही अडते.

माती खरीच वापरायची, वऱ्हाडातली काळी. कढईत भाजून कोरडी करा, वस्त्रगाळ करा. मग कागदाखाली चुंबक धरून तिच्यावरून फिरवा. ही माती काळ्या पाषाणाची, तिच्यात लोहाचे बारीक कण असतात. ते निघाले नाहीत तर इंजिनाच्या मोटारीला जाऊन चिकटतात. थर जाड देऊ नका. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते, शेतात जशी, तशीच फळीवरही. आधी मातकट रंग, त्यावर पातळ केलेलं फेव्हिकॉल, त्यावर चिमटीने माती. फेव्हिकॉलच्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की ते पसरतं, गोळा होऊन बसत नाही. खडी थोडीच. अशा लाइनवर रुळांत गवत जास्त असायचं.

पऱ्हाटीच्या ओळी लावायला वेळ लागतो, पण त्या हव्यातच. माणूस दोन सेंटिमीटरचा, तर पऱ्हाटी त्याच्या कमरेएवढी. मालधक्क्यावर कापसाच्या गाठी, साधारण सेंटिमीटरभर लांब. बैलगाड्या हव्यात, पण पाच-सहा नकोत. एक उभी, एक परत निघालेली, बास.

आणि साल ठरवा. १९९४ पर्यंत इथं वाफेचं इंजिन होतं, नंतर डिझेल आलं. डिझेल ठेवलंत तर पाण्याची टाकी कोरडी दाखवा, खाली शेवाळ नको, तिच्या सावलीत एखादी शेळी चालेल. वाफेचं ठेवलंत तर टाकीखाली ओल हवी, राखेचा ढीग हवा. डब्यांचा रंग कुठल्या वर्षी काय होता, हे विचारायला मूर्तिजापूर, दर्यापूर, दारव्हा या भागातली साठी ओलांडलेली कुणीही व्यक्ती चालेल. दोघांना विचारा. उत्तरं दोन निघाली तर तिसऱ्याला विचारा.