दातांशी ओळख : लेखांक ९ – चाकाची धाव, दाढेची टोपी

या आठवड्यात टोप्यांचे प्रकार सांगणार होतो. धातूची, धातूवर सिरॅमिक चढवलेली, झिर्कोनियाची. ते पुढच्या खेपेला. एका वाचक भगिनींचं पत्र आलं आणि चार दिवस ते डोक्यातून जाईना. त्यांच्या खालच्या दाढेचा रूट कॅनाल होऊन तीन महिने झाले. ठणका कधीच थांबला. आता डॉक्टर टोपी बसवून घ्या म्हणून मागे लागलेत. जी दाढ दुखत नाही तिच्यावर पुन्हा एवढा खर्च कशाला, असं त्या विचारतात.

प्रश्न रास्त आहे. टोपी कशाची हवी याच्या आधी ती हवीच कशाला, हे सांगायला पाहिजे होतं. मी ते गृहीत धरून पुढे गेलो.

लहानपणी आमच्या गावात बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना मी पाहिलं आहे. लोहार चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान लोखंडी कडं करायचा आणि गोवऱ्यांच्या जाळात लालबुंद तापवायचा. तापून ते फुगलं, की चौघे जण सांडशीत धरून ते चाकावर बसवायचे. लाकडातून धूर निघायचा. लगेच घागरीने पाणी ओतायचे. लोखंड आकसायचं आणि तुंब्यापासून घेरापर्यंत चाकाचा एकेक सांधा करकरत आवळला जायचा. ते करकरणं अजून माझ्या कानात आहे. धाव नसती तर पहिल्याच खडकाळ चढाला चाकाच्या फळ्या सुट्या झाल्या असत्या.

दाढेची टोपी ही दाढेची धाव आहे. झाकण समजाल तर तिचं कामच कळणार नाही.

दाढेला चार-पाच उंचवटे असतात. भाकरीचा कडक पापुद्रा किंवा शेंगदाणा त्यांच्या मधोमध आला, की तो पाचरीसारखं काम करतो, उंचवट्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो. धडधाकट दाढेत वरचं छत आणि शेजारच्या दातांकडच्या दोन जाड कडा या उंचवट्यांना बांधून ठेवतात. रूट कॅनालपर्यंत पाळी येते तोवर किडीने बहुतेक वेळा एखादी कड खाल्लेली असते, कधी दोन्ही. नसेपर्यंत पोचायला छताला भोक आम्ही पाडतो.

दाढ नेमकी कशाने कमजोर होते? रीह, मेसर आणि डग्लस यांनी १९८९ साली हे काढलेल्या उपदाढांवर मोजलं. रूट कॅनालच्या कामाने दाताचा ताठपणा जेमतेम ५ टक्क्यांनी घटला. दोन्ही बाजूंच्या कडा गेल्या तेव्हा मात्र तो ६३ टक्क्यांनी घटला. या दोन आकड्यांनी माझी समजूत बदलली. सुरुवातीची कित्येक वर्षं मी पेशंटना सांगायचो, नस काढली की दात वाळक्या फांदीसारखा ठिसूळ होतो. आम्हाला तसंच शिकवलं होतं. पुढे १९९२ साली सेज्ली आणि मेसर यांनी रूट कॅनाल झालेले २३ दात आणि त्याच तोंडांतले पलीकडच्या बाजूचे जिवंत दात ताडून पाहिले. ठिसूळपणात म्हणावा असा फरक निघाला नाही. म्हणजे दाताला जो दुबळेपणा येतो तो मुख्यतः बांधणी गेल्याचा.

ही बांधणी गेली की काय होतं, ते मी एका सकाळी पाहिलं. रूट कॅनाल मीच केला होता. टोपीचं माप द्यायला पेशंट आलेच नाहीत, सुगी चालू होती. चार महिन्यांनी फुटाणे खाताना एक गणंग दाढेखाली आला आणि कट्ट आवाज झाला. आरशाने पाहिलं तर पुढून मागे एक बारीक काळी रेघ. सळईचं टोक त्या रेघेत ठेवून हलकेच दाबलं, तर दाढेचे दोन भाग दाराच्या फळ्यांसारखे बाजूला झाले. चीर मुळापर्यंत गेलेली. मुळं निरोगी, आतलं भरण घट्ट, आणि तरी दाढ काढावी लागली. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

आता माझ्या आवडीचा मुद्दा. धावेला धरायला धड लाकूड लागतं, तसं टोपीला धरायला धड दात लागतो. हिरडीच्या वर, सगळीकडून, साधारण २ मिलिमीटर उंचीची खऱ्या दाताची पट्टी टोपीच्या कवेत यावी लागते. २ मिलिमीटर म्हणजे जाडसर मोहरीचा एक दाणा. टोपी पाच वर्षं टिकणार की वीस, हे पुष्कळदा या एका दाण्यावर ठरतं. पट्टी नसेल आणि नुसत्या भरणावर टोपी बसवली, तर चावण्याचा सगळा जोर मुळावर येतो. मुळात खिळा, म्हणजे पोस्ट, घातल्याने दात मजबूत होतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. खिळा फक्त वरचं भरण धरून ठेवतो आणि त्याच्यासाठी मूळ आणखी कोरावं लागतं. पट्टी कमी पडत असेल तर हिरडी आणि हाड थोडं खाली घेऊन ती मिळवता येते. काही दात तारेने हळूहळू वर ओढूनही घेता येतात.

पटाशीच्या दातांचं वेगळं. मागे छोटं भोक, बाकी दात शाबूत, तर नुसतं भरण पुरतं. तिथे टोपीसाठी चांगला दात तासणं मला पटत नाही.

पत्रलेखक ताईंना एवढंच सांगतो. तुमचं भरण तात्पुरतं असेल तर तीन महिने फार झाले, कडेने लाळ आत झिरपते आणि जंतू पुन्हा मुळापर्यंत जातात. या आठवड्यातच वेळ घ्या. दोन्ही कडांपैकी किती उरल्यात आणि हिरडीच्या वर दात किती मिळतोय, हे डॉक्टरांना विचारा, आरशात दाखवायला सांगा. आणि टोपी बसेपर्यंत घास दुसऱ्या बाजूने चावा.