नांव आणि नांवें ठेवणें

मराठी भाषेंत ‘नांव ठेवणें’ या शब्दांस दोन अर्थ आहेत. बाराव्या दिवशीं पाळण्याभोंवतीं सुवासिनी जमतात, मूल पाळण्याच्या वरून खालून एकमेकींच्या हातीं देतात, आत्याबाई त्याच्या कानांत कुर्र करून त्यास नांव सांगते, आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीवर धपाटे घालतात. हें एक नांव ठेवणें झालें. दुसऱ्याच्या रूपांत, वागण्यांत किंवा स्वयंपाकांत खोड काढणें म्हणजेही नांवें ठेवणेंच. पहिलें बहुधा एकवचनी, दुसरें अनेकवचनी, एवढाच काय तो व्याकरणाचा भेद. परंतु ज्या बारशांत हे दोन्ही अर्थ एकाच वेळीं साधले जातात, असलें बारसेंही आपल्या महाराष्ट्रांत होत आलें आहे, आणि आज आम्हांस त्याविषयींच बोलावयाचें आहे.

सातारा जिल्हा हा कांहीं आडबाजूचा मुलूख नव्हे. मराठी राज्याची गादी तेथें होती. सावित्रीबाई फुले १८३१ सालीं ज्या नायगांवीं जन्मल्या, तें गांवही त्याच जिल्ह्यांतलें. त्या जिल्ह्यांत २२ ऑक्टोबर २०११ रोजीं सरकारी अधिकाऱ्यांनीं २८५ मुलींचीं नांवें बदलण्याचा समारंभ केला व प्रत्येकीस नव्या नांवाचा दाखला दिला. या सर्वजणींचें जुनें नांव एकच होतें. तें नांव ‘नकुशी’ किंवा ‘नकुसा’. म्हणजे नको असलेली. लागोपाठ मुलीच होऊं लागल्या कीं पुढच्या मुलीस नकुशी म्हणावें, म्हणजे तिच्या पाठीवर मुलगा होतो, ही त्यामागची समजूत. ज्या मुलीस शाळेंत हजेरीच्या वेळीं रोज सकाळीं ‘नको असलेली’ अशी हांक मारली जाते आणि तिला ‘हजर’ म्हणून उभें राहावें लागतें, तिच्या मनाचें काय होत असेल याचा विचार वाचकांनीं स्वतःच करावा. त्या दिवशीं कोणी एखाद्या प्रसिद्ध नटीचें नांव घेतलें, तर कोणी सावित्री हें नांव घेतलें. नटीचें नांव घेतलें म्हणून हंसणारे कांहीं शहाणे तेव्हां भेटलेच. आम्हांस तर त्यांत हंसण्यासारखें कांहींच दिसत नाहीं. ज्या मुलीस जन्मापासून कोणीही मागितलें नाहीं, तिनें सर्वांस हवेंसें वाटणारें नांव मागितलें, यांत तिचें चुकलें काय?

आतां कोणी म्हणेल कीं, नांवाच्या अर्थाला एवढें महत्त्व कशाला? आमच्याकडे धोंडू, दगडू, केरू, भिकाजी हीं नांवें पिढ्यान् पिढ्या चालत आलीं, आणि तीं धारण करणारांचें कांहीं बिघडलें नाहीं. हा आक्षेप दिसतो तितका पोंचट नाहीं. कोशांत पाहिलें तर दगड आणि केर यांचा अर्थ नकुशीहून चांगला नाहीं. परंतु कोश बाजूस ठेवून घरांत डोकावून पाहावें. ज्या आईचीं दोन-तीन मुलें देवानें नेलीं, ती पुढचें मूल वांचावें म्हणून त्याला दगड म्हणते. जणूं यमदूतास सांगते, ‘बाबा, हा दगड नेऊन तुला काय मिळणार?’ कोणी मुलगा नाक टोंचून त्याला नथ घालीत व नथू म्हणत, म्हणजे दृष्ट लावणाराला तो मुलगी वाटावा. भिकाजी हा देवापाशीं भीक मागून आणलेला. या प्रत्येक नांवांत शब्द कुरूप आहे, पण त्यामागचें मन भीतीनें व मायेनें भरलेलें आहे. नकुशीच्या पाळण्यापाशीं भीती आहे ती ती वांचेल याची. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, नांवाचा खरा अर्थ शब्दाच्या धातूंत नसतो, तो ठेवणाराच्या हेतूंत असतो. हेतु पाहण्याची आम्हां वकिलांना संवयच असते. एकाच कृत्यास कायदा हेतूवरून अपघात म्हणतो किंवा खून म्हणतो.

आणि हा हेतु केवळ साताऱ्याचाच आहे असें समजून पुणेकरांनीं मिशांवर ताव देऊं नये. तामिळ मुलुखांत अशाच मुलीस ‘वेण्डाम’ म्हणतात. त्याचें मराठी भाषांतर अक्षरशः ‘नको’. चीन देशांत ‘चाओ-दी’ हें मुलीचें नांव पूर्वीं पुष्कळ आढळे, त्याचा अर्थ धाकट्या भावाला बोलावून आणणारी. प्राचीन रोमन लोक कायद्यांत जगाचे गुरु. पण त्यांच्या मुलींना स्वतंत्र नांवच नसे. जुलियस कुळांत जन्मली ती जुलिया. सीझरची मुलगी जुलिया, बहिणी जुलिया, आत्याही जुलिया. घरांत गोंधळ होऊं लागला म्हणजे थोरली, धाकटी, तिसरी असें म्हणत. आमच्याकडे निदान नकुशी म्हणण्याचे तरी कष्ट घेतले जात!

हा हेतूचा मुद्दा पत्करला म्हणजे दुसराही एक वाद आपोआप मिटतो. अलीकडे नांवें शुद्ध असावींत, परकी नसावींत, असा आग्रह धरणारे पुष्कळ स्वदेशाभिमानी गृहस्थ आम्हांस भेटतात. स्वदेशाभिमानांत आम्ही कोणासही हार जाणार नाहीं. पण अभिमानाला इतिहासाचें वावडें असूं नये. शिवाजी महाराजांच्या तीर्थरूपांचें व चुलत्यांचें नांव शहाजी व शरीफजी. मालोजीराजांना नगरच्या शाह शरीफ पीराच्या प्रसादानें पुत्र झाले म्हणून हीं नांवें ठेविलीं, अशी परंपरागत कथा आहे. याच भोंसले कुळांत पुढें शिवनेरीच्या शिवाई देवीवरून शिवाजी हें नांव आलें असें सांगतात. एका पिढीनें पीराचें नांव घेतलें, दुसरीनें देवीचें घेतलें, आणि दोन्ही पिढ्यांचा मराठेपणा तिळमात्र उणा झाला नाहीं. चाकणचा किल्ला १६६० सालीं शाइस्तेखानाशीं झुंजविणारा फिरंगोजी नरसाळा घ्या. ‘फिरंग’ हा शब्द युरोपांतील फ्रँक लोकांवरून अरबी-फारशींत आला व तेथून मराठींत. त्याला आम्हीं आपला ‘जी’ जोडला आणि तो आपला झाला. हैबतराव, दौलतराव, गुलाबराव, सुलतानजी, पिराजी हे सर्व याच टांकसाळींतले. कोंकणांत शतकानुशतकें तेलाचे घाणे चालविणाऱ्या बेनेइस्रायल बंधूंनीं उलट दिशेनें हाच व्यवहार केला. अब्राहमचा अबाजी झाला, मोझेसचा मुसाजी झाला, आणि आडनांवें आपापल्या गांवांवरून ‘कर’ लावून घेतलीं.

भाषेभाषेंतून एकच नांव किती सोंगें घेतें याचेंही एक उदाहरण देण्यासारखें आहे. ‘परमेश्वर कृपाळु आहे’ या अर्थाचें एक हिब्रू नांव आहे. तें मराठी बायबलांत योहान, मुसलमानांत याह्या, इंग्रजांत जॉन, रशियांत इवान, आणि पोर्तुगीजांच्या मार्फत गोव्यांत येऊन जुवांव झालें. पण याहूनही मौज ‘मिलिंद’ या नांवाची आहे. बौद्ध ग्रंथांतील मिलिंद राजा म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, हें आतां सर्वमान्य आहे. संस्कृतांत मिलिंद म्हणजे भुंगा हा अर्थ आहेच. पण महाराष्ट्रांत १९५६ च्या धर्मान्तरानंतर ज्या हजारों घरांत मिलिंद, राहुल, सिद्धार्थ, सुजाता हीं नांवें निघालीं, त्यांच्या मनांत भुंगा नव्हता, बौद्ध परंपरा होती. औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, डॉ. आंबेडकरांच्या संस्थेनें १९५० सालीं काढलेल्या कॉलेजलाही पुढें मिलिंद हेंच नांव मिळालें.

या घरांना नवीं नांवें कां घ्यावीं लागलीं, हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल त्यानें पुण्याहून फार दूर जाण्याचें कारण नाहीं. भीमेच्या कांठीं कोरेगांवास १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा स्तंभ उभा आहे. त्यावर कंपनीच्या पलटणींतील मृत शिपायांचीं जीं नांवें कोरलीं आहेत त्यांपैकीं वीसांहून अधिक नांवांच्या शेवटीं ‘नाक’ हा प्रत्यय आहे. हा ‘नायक’ शब्दाचा अपभ्रंश असें कित्येक मानतात; असो. पण त्या दोन अक्षरांवरून महार शिपाई ओळखूं येत असे, आणि गांवीं परतल्यावर त्याच अक्षरांवरून त्याला वेशीबाहेर उभें करीत. गांवच्या तोंडीं एकाच महादेवाचा एका घरीं महादेवपंत होतो, दुसऱ्या घरीं म्हादबा, आणि तिसऱ्या घरीं नुसता म्हाद्या. जोशीबुवा नक्षत्राच्या चरणावरून अक्षर काढून देतात खरें, पण पंत व्हावयाचें कीं ‘द्या’ व्हावयाचें, हें त्यांच्या पंचांगांत नसून गांवाच्या जिभेवर असे. (पंचांगाचेंही काय सांगावें! आर्द्रा नक्षत्राच्या एका चरणाला ‘ङ’ हें अक्षर नेमलेलें आहे. त्या चरणावर जन्मलेल्या बालकाचें नांव शास्त्राबरहुकूम ठेवून दाखविणारा जोशी आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे.)

आतां सुशिक्षित पुण्याकडे वळूं. कारण नकुशी खेड्यांत असते असें म्हणून सुटतां येण्यासारखें नाहीं. सातारा जिल्ह्यांत तेव्हां मोडणाऱ्या देवराष्ट्रें गांवीं १८६२ सालीं यमुना नांवाची एक मुलगी जन्मली. कल्याणास १८६५ सालीं दुसरी एक यमुना जन्मली. पहिली पुढें पुण्यांत सेवासदनामुळें नांवाजलेल्या रमाबाई रानडे. दुसरी १८८६ सालीं अमेरिकेंत वैद्यकीची पदवी घेऊन आलेल्या व पुढच्याच वर्षीं पुण्यांत निवर्तलेल्या आनंदीबाई जोशी. नद्या दोन, नांव एकच, आणि दोन्ही लग्नाच्या मांडवांत आटल्या. ताटांत तांदूळ पसरावयाचे, सोन्याच्या अंगठीनें त्यांवर नवें नांव लिहावयाचें, सर्वांस पेढे वांटावयाचे, आणि जिचें नांव पुसलें तिनेंही पेढा खावयाचा! ज्या सुधारक पतींनीं या दोघींस विद्या दिली त्यांच्याविषयीं आमच्या मनांत आदरच आहे; पण त्यांच्याही लग्नांत ही रूढि चुकली नाहीं, हें सांगितलें पाहिजे. १८९३ सालीं पुण्यांत एका विधुर प्राध्यापकानें शारदासदनांतील गोदूबाई या विधवेशीं पुनर्विवाह केला, आणि त्याबद्दल बहिष्काराचे हाल सोसले. ते धोंडो केशव कर्वे. त्या विवाहांतही गोदूबाईंची आनंदीबाई झाली. नवरदेवाचा धोंडा धोंडाच राहिला. बदलली ती गोदावरी.

आमचा आक्षेप नवें नांव घेण्यास नाहीं. सातारच्या त्या मुलींनीं नवें नांव घेतलें, नवबौद्धांनीं घेतलें, आणि आम्हीं त्यांचें अभिनंदनच केलें आहे. खुद्द टिळकांचें जन्मनांव केशव. घरांतील ‘बाळ’ हें लाडकें नांव तेवढें राष्ट्राच्या ओठांवर राहिलें. भेद एवढाच कीं, तेथें नांव धारण करणाराची संमति आहे, आणि येथें ती विचारलीच जात नाहीं. करार करतांना दुसऱ्या पक्षाची संमति घ्यावी हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. दुकानाच्या पाटीवर कोणतें नांव घालावें यासाठीं जे गृहस्थ महिना महिना खल करतात, तेच घरांतील सुनेचें पंचवीस वर्षांचें नांव अर्ध्या घटकेंत कसे काय बदलतात?

भावनेचा प्रश्न सोडून दिला तरी व्यवहार राहतोच. वकिली करतांना आमच्या पाहण्यांत अशा किती तरी बाया आल्या कीं शाळेच्या दाखल्यावर त्यांचें एक नांव, शिधापत्रिकेवर दुसरें, आणि सातबाऱ्यावर तिसरें. बाप वारला, वांटणी निघाली, म्हणजे भाऊ साळसूदपणें विचारतो, ‘ही कोण?’ मग शपथपत्रें करा, साक्षीदार आणा, आणि ‘अमुक ऊर्फ तमुक’ म्हणून स्वतःची ओळख स्वतःच शाबीत करा. १९५५ च्या हिंदु विवाह अधिनियमांत बायकोनें नांव किंवा आडनांव बदललेंच पाहिजे असें एकही कलम नाहीं. आम्हांस कायद्याहून रूढि जड झाली आहे, इतकेंच.

सरकारचें पाऊल मात्र या बाबतींत समाजाच्या पुढें पडत आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नांवापुढें प्रथम आईचें, मग बापाचें नांव व आडनांव लिहावें, असा निर्णय महाराष्ट्र सरकारनें त्या वर्षींच्या मार्चांत घेतला. परंतु कागदावर आईचें नांव आलें तरी पाळणा घरांतच बांधावयाचा आहे. जनगणनेंत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागें मुली १९९१ सालीं ९४५ होत्या, २००१ सालीं ९२७ झाल्या, आणि २०११ सालीं त्याहूनही खालीं आल्या. ज्या मुली या हिशेबांतून गळाल्या त्यांना नकुशी म्हणण्याचीही तसदी कोणास पडली नाहीं.

शेवटीं एक कामाची गोष्ट. आपल्या घरीं, गुमास्त्याच्या घरीं किंवा मोलकरणीच्या घरीं एखादी मुलगी नांवावांचून नोंदली गेली असेल, तर १९६९ च्या जन्ममृत्यु नोंदणी कायद्याखालीं तिचें नांव मागाहून दाखल करतां येतें. जन्माच्या नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आंत त्यास कांहीं फी पडत नाहीं. पुढें पंधरा वर्षांपर्यंत थोडी फी भरून होतें. नोंदलेलें नांवच बदलावयाचें असेल तर राज्यपत्रांत जाहिरात द्यावी लागते. पुण्यांत जन्माच्या नोंदीचें काम महानगरपालिकेच्या जन्ममृत्यु नोंदणी कार्यालयांत चालतें. जातांना मुलगी कळती असल्यास तिलाच बरोबर न्यावें, आणि अर्जावर नांव लिहिण्यापूर्वीं तें तिलाच विचारावें.