सुट्टीच्या दिवशी कामी आलेली शाळा

२२ ऑगस्ट २०१८, बकरी ईदची सुट्टी. परळला हिंदमाताजवळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये सकाळी बाराव्या मजल्यावर आग लागली आणि बघता बघता धूर वर चढला. सोळाव्या मजल्यावर राहणाऱ्या दहा वर्षांच्या झेन सदावर्तेने सुती कापडाचे तुकडे ओले करून शेजाऱ्यांना नाकातोंडावर धरायला लावले. हे तिने तिसरीत असताना शाळेच्या एका प्रकल्पात शिकून घेतलं होतं. पुढे तिला शौर्य पुरस्कार मिळाला. त्या आगीत चौघांचा जीव गेला. इमारतीतली आग विझवायची यंत्रणा बंद होती, असं अग्निशमन दलाने नंतर सांगितलं. यंत्रणा बंद आणि तिसरीतला प्रकल्प चालू, असा तो प्रकार.

ओल्या फडक्याने काजळी अडते, कार्बन मोनॉक्साइड अडत नाही. म्हणून धुरात वाकून, जमलं तर रांगत जायचं, कारण खालची हवा त्यातल्या त्यात बरी असते. जिना धुराने भरला असेल तर खोलीचं दार लावून फटीत ओला टॉवेल कोंबायचा. लिफ्टच्या वाटेला जायचं नाही.

आगीचं मी आधी सांगितलं खरं, पण शाळेत रोज घडतं ते वेगळंच. मधल्या सुट्टीत पोरगं पडतं, परिपाठाला उभ्या मुलीला चक्कर येते, कुणाचा घोळणा फुटतो. नाकातून रक्त आलं की आपल्याकडे मान मागे करायला लावतात. मग रक्त घशात उतरतं आणि मूल ओकतं. मान पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरायचा, मधेच सोडून बघायचं नाही. फिट आली की कांदा आणि चप्पल हुंगवणारे अजून आहेत! त्या मुलाच्या तोंडात काही घालू नये, त्याला दाबून धरू नये. आजूबाजूचे बाक सरकवावेत, घड्याळ बघावं, झटके थांबले की कुशीवर वळवावं. पाच मिनिटांत थांबले नाहीत तर १०८. भाजलं तर वीस मिनिटं नळाखाली. टूथपेस्ट दातांसाठी राहू द्यावी.

यातल्या कशालाच प्रथमोपचाराची पेटी लागत नाही. पेटी असावीच, पण बऱ्याच ठिकाणी ती कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली रजेवर गेलेल्या बाईंकडे. प्रशिक्षणाला एका शिक्षकाला पाठवून प्रमाणपत्र फाइलला लावलं जातं, पण सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचं प्रमाणपत्रसुद्धा तीन वर्षांनी नवं करावं लागतं. माझ्या मते पहिला नंबर शिपाईमामा आणि मावशींचा लागायला हवा, कारण पोरगं जिन्यात कोसळतं तेव्हा तेच जवळ असतात. महापालिकेची आपत्ती व्यवस्थापन प्रशिक्षण संस्था तर परळलाच आहे.

आगीच्या कवायतीचंही तेच. १९४४च्या गोदी स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ अग्निशमन सप्ताह १४ एप्रिलपासून असतो, नेमका परीक्षांच्या दिवसांत. त्यामुळे शाळेने आपली तारीख जूनमध्येच ठरवावी, आणि पोरं वर्गात असताना न सांगता घंटा द्यावी. गिरगावातल्या जुन्या शाळेच्या अरुंद जिन्यावर वरचे वर्ग आधी सोडायचे की खालचे, हे त्याशिवाय कळणार नाही.

फोनचाही सराव हवा. १०१ किंवा १०८ला नुसतं शाळेचं नाव सांगून भागत नाही. कुठल्या रस्त्यावरचं फाटक उघडं आहे, गाडी वाडीत शिरते का, हे सांगावं लागतं, आणि एका मोठ्या मुलाला नाक्यावर उभं करावं लागतं. लालबागमध्ये गणपतीच्या दहा दिवसांत तर दोघांना.